प्रवासाचा सल्ला: विचारायचा कसा, द्यायचा कसा, आणि त्यातून धंद्याला काय मिळतं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण प्रवासाच्या सल्ल्याबद्दल बोललो. वेळ कमी असल्यामुळे तिथे उदाहरणं पटापट घेतली. इथे ती नीट उलगडून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आता काहीजण म्हणतील, "सर, धंद्याच्या चॅनलवर प्रवासाचा विषय कशाला?" त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण: धंदा सुरू करायचा म्हटलं की प्रवास आलाच. कपड्यांचं दुकान टाकणारी ताई सुरतला जाते, कुणी मशीन बघायला जातं, कुणी प्रदर्शनात स्टॉल लावायला जातं. पहिल्या फेरीत आपल्याला गाव माहीत नसतं, बाजार माहीत नसतो. मग आपण ओळखीत किंवा अनोळखी माणसांना विचारतो आणि त्यांच्या शब्दावर पैसे खर्च करतो.

दुसरं कारण: तुमच्यातले बरेच जण होमस्टे, भाड्याची गाडी, घरगुती खानावळ किंवा छोट्या सहली सुरू करायच्या विचारात आहेत. या धंद्यात खोली आणि जेवण नंतर येतं. गिऱ्हाईक आधी विचारतं, "कधी यावं? कसं यावं? आईला झेपेल का?" तुमचा पहिला माल म्हणजे तुम्ही दिलेलं उत्तर. ते फुकट जातं, पण तुमची पारख त्याच्यावरच होते.

चला, आधी विचारणाऱ्याच्या बाजूने बघू.

भाग १: सल्ला विचारताना पाच 'क'

समजा, साताऱ्याजवळच्या गावातली एक ताई घरातूनच साड्या विकायला सुरुवात करणार आहे. हातात ४० हजार रुपये आहेत. ती विचारते:

"सुरतला साड्यांची खरेदी कुठे करावी? प्लीज सांगा."

याला उत्तरं काय येणार? "रिंग रोडला जा." "मार्केट मोठं आहे, फिरा." "अमुक दुकान एकदम बेस्ट." उत्तर देणाऱ्यांचा दोष नाही. त्यांना ताईबद्दल काहीच माहीत नाही, मग ते स्वतःला जे लागू पडलं तेच सांगणार. वर्षाला पन्नास लाखांची उलाढाल असलेल्या दुकानदाराचा सल्ला ४० हजारवाल्या ताईला कसा लागू पडेल?

म्हणून विचारताना पाच 'क' सांगायचे:

१. कोण जाणार? एकटी बाई, नवरा-बायको की अनुभवी माणूस सोबत?
२. कुठून जाणार? साताऱ्याहून निघणं वेगळं आणि जळगावहून निघणं वेगळं.
३. कधी जाणार? महिना आणि वार, दोन्ही सांगा.
४. किती? पैसे किती, दिवस किती, माल किती.
५. कशासाठी? म्हणजे नेमकं काय आणायचंय.

आता तोच प्रश्न पुन्हा लिहू:

"नमस्कार. मी साताऱ्याजवळून घरगुती साडीविक्री सुरू करतेय. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी आणि माझा भाऊ सुरतला जाणार आहोत. पहिलीच वेळ आहे. बजेट ४० हजार, रोज वापरायच्या साड्या हव्यात. एका दिवसात काम होईल का? कमी नग देणारे व्यापारी भेटतात का? माल सोबत आणावा की ट्रान्सपोर्टने पाठवावा?"

असा प्रश्न आला की जाणकार माणूस थांबतो. तो तुम्हाला न विचारलेल्या गोष्टीही सांगतो, आणि खरा फायदा तिथेच असतो. उदाहरणार्थ:

"ताई, नोव्हेंबर म्हणताय तर आधी कॅलेंडर बघा. दिवाळीत सुरतचं कापड मार्केट बंद असतं, लाभपंचमीच्या मुहूर्तावर दुकानं उघडतात. त्यानंतरही काही दिवस कारागीर आणि कामगार गावाहून परतलेले नसतात. शिवाय रविवारी मार्केटला सुट्टी. तेव्हा लाभपंचमीनंतर आठवडाभर थांबा आणि सोमवार ते शनिवार यातला वार धरा."

बघा, ताईने फक्त 'कधी' सांगितलं म्हणून तिची अख्खी फेरी वाचली. नाहीतर दोन माणसांचं भाडं, लॉजचा खर्च आणि बंद शटरचे फोटो घेऊन परत!

असेच आणखी मुद्दे नेमक्या प्रश्नातून बाहेर येतात. घाऊक साडी बहुतेक ठिकाणी सेटमध्ये मिळते, म्हणजे एकाच डिझाइनचे वेगवेगळे रंग एकत्र घ्यावे लागतात. त्यामुळे ४० हजारांत किती सेट बसतील याचा हिशोब घरूनच करून निघायचा. माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येतोय, तेव्हा जीएसटीचं पक्कं बिल हवंच. मालाची किंमत ५० हजारांच्या वर गेली तर साधारणपणे ई-वे बिल लागतं. आणि जळगाव-नंदुरबारकडून ताप्ती लाइनने जाणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट: काही गाड्या सुरतपर्यंत न जाता उधन्यालाच थांबतात. तिकिटावर कुठलं स्टेशन आहे ते बघा, म्हणजे पुढच्या रिक्षाचा खर्च आधीच धरता येईल.

भाग २: आलेला सल्ला गाळून घ्या

सल्ला आला की लगेच तिकीट काढू नका. चहा गाळतो तसा तो तीन गाळण्यांतून काढा.

पहिली गाळणी: ही माहिती कधीची?
रस्ते, गाड्यांच्या वेळा, भाडी, बंदी, सगळं बदलतं. करूळ घाटाचं उदाहरण घ्या. कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे सिंधुदुर्गात उतरायचा हा नेहमीचा रस्ता. २०२४ मध्ये हा घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता आणि गाड्या दुसऱ्या घाटांनी वळवाव्या लागत होत्या. ज्याने २०२३ मध्ये "गगनबावड्यावरून या, मस्त रस्ता" असं सांगितलं तो खोटं बोलला नव्हता. पण तोच सल्ला वाचून वर्षभराने निघालेल्याची पंचाईत झाली असणार.
रेल्वेचंही तसंच. पूर्वी तिकीट १२० दिवस आधी काढता यायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. गणपतीसाठी चार महिने आधी बुकिंग करा, असं आजही कुणी सांगत असेल तर समजा की त्याची माहिती जुनी आहे.

दुसरी गाळणी: कशावरून सांगताय?
स्वतः गेला होतात, की कुणाकडून ऐकलंय? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. "दादा, तुम्ही स्वतः कधी गेला होतात?" एवढंच विचारा. खरा माणूस लगेच महिना सांगतो. ऐकीव माहितीवाला म्हणतो, "अहो, सगळे जातातच की!"

तिसरी गाळणी: यात कमाई कुणाची?
स्टेशनबाहेर एखादा रिक्षावाला आपणहून "चला, चांगल्या दुकानात नेतो" म्हणाला, तर त्यात त्याचं कमिशन असू शकतं. कमिशन घेणं गुन्हा नाही. धंद्यात दलाली असतेच, आणि चांगला दलाल नवख्या माणसाचं कामही सोपं करतो. पण कुणाची कमाई कुठे आहे हे माहीत असेल तर सल्ल्याचं वजन बरोबर ठरवता येतं.

तिन्ही गाळण्यांतून जे उरेल, त्यातली सर्वात महागडी गोष्ट एकदा मूळ ठिकाणी तपासा. गाडीची वेळ रेल्वेच्या अधिकृत ॲपवर बघा, दुकान उघडं आहे का ते थेट दुकानात फोन करून विचारा. सगळंच तपासत बसलात तर निघणं होणार नाही. जी गोष्ट चुकली तर फेरी फुकट जाईल, तेवढी तपासा.

भाग ३: आता तुम्ही सल्ला देणारे आहात

समजा, तुम्ही मालवणजवळ तीन खोल्यांचा होमस्टे सुरू केलाय. पुण्याच्या एका गृहस्थांचा मेसेज येतो: "डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीन रात्री यायचंय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. आई ७० वर्षांची, गुडघे दुखतात. काय काय बघता येईल?"

बरेच नवे होमस्टेवाले यावर काय पाठवतात? खोल्यांचे दहा फोटो, रेटकार्ड आणि पंधरा ठिकाणांची यादी. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग, स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड... सगळं एका दमात. ही यादी गृहस्थांना इंटरनेटवरही मिळते. त्यांचा खरा प्रश्न होता आईचा, आणि त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

त्याऐवजी असं लिहून बघा:

"नमस्कार दादा. गाडीने येणार असाल तर पुण्याहून चहा-जेवण धरून ९ तास लागतील असं समजा. सकाळी लवकर निघा, घाट उजेडात उतरता येईल. घाटाची सध्याची स्थिती निघायच्या आदल्या दिवशी मला विचारा, मी बघून सांगतो.
पहिल्या दिवशी काहीच ठरवू नका, आईंना आराम द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला. तिथे होडीत चढ-उतार करावी लागते आणि आत बरंच चालणं आहे. आईंना जमेल का ते तुम्ही ठरवा. नसेल जमत तर त्या इथे आमच्या आईसोबत बसतील, जेवणाची काळजी नको.
तिसऱ्या दिवशी मुलांसाठी तारकर्ली. आईंना गाडीतून उतरून फार चालावं लागणार नाही अशी जागा दाखवतो.
एक गोष्ट आधीच सांगतो, नाताळच्या सुट्टीत इथे गर्दी वाढते आणि दरही वाढतात. तुम्ही चार दिवस अलीकडे आलात तर निवांत मिळेल.
आमच्याकडे तळमजल्याची एक खोली आहे, पायऱ्या नाहीत. आईंसाठी ती ठेवू का?"

या उत्तरात रेटकार्ड नाही, तरी विक्री आहे. शेवटचं वाक्य बघा, तळमजल्याची खोली. ती त्या माणसाच्या गरजेतून आली म्हणून जाहिरातीसारखी वाटत नाही.

आणखी एक उदाहरण. मुंबईहून ट्रेनने येणाऱ्या पाहुण्याला नुसतं "तुतारीने या" म्हणू नका. मालवणला रेल्वे स्टेशन नाही, पाहुण्यांना कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरावं लागतं. कुडाळहून मालवण साधारण ३० किलोमीटर, म्हणजे पुढची रिक्षा किंवा गाडी ठरवून ठेवायला हवी. आणि तुतारी दादरहून रात्री १२ वाजून गेल्यावर सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. शुक्रवारच्या तारखेचं काढलं तर ती गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते! ही एक ओळ तुम्ही लिहिलीत तर एका कुटुंबाची सुट्टी वाचते. ते कुटुंब तुम्हाला विसरेल का?

जून ते ऑक्टोबरच्या काळात कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांच्या वेळा बदलतात. तेव्हा मे महिन्यातली वेळ जुलैच्या पाहुण्याला सांगायची नाही.

भाग ४: जिथे जिवाचा प्रश्न आहे

मित्रांनो, इथे जरा थांबून वाचा. रस्ता चुकला तर दोन तास जातात. समुद्राबद्दल चुकीचं सांगितलं तर माणूस जातो.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. "चालत जाता येतं" हे वाक्य खरं आहे, पण अर्धवट आहे. कधी निघायचं आणि किती वाजेपर्यंत परतायचं हे त्याच्यासोबत सांगितलं नाही, तर पाहुणा किल्ल्यावर फोटो काढत बसतो आणि मागे पाणी चढतं.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना एक हिशोब पाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे ३ वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, ९ च्या आसपास, पूर्ण ओहोटी. दिवसातून दोनदा हे चक्र होतं आणि वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी फारसं उतरत नाही. म्हणजे ओहोटीची वेळ गाठली तरी वाट कोरडी मिळेलच असं नाही. याउलट अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप उतरतं आणि तितकंच जोरात चढतं.

हा हिशोब तुम्हाला अंदाजासाठी. पाहुण्याला सांगताना भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक बघूनच सांगा, आणि किनाऱ्यावरच्या स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नका, असं ठणकावून सांगा. खाडीच्या मुखाशी ओहोटीला पाणी समुद्राकडे ओढतं, तिथे पोहायला सक्त मनाई. पावसाळ्यात जून ते ऑगस्टमध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि समुद्रातले वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. "बघू, कुणीतरी नेईल" असं कधीही म्हणू नका. बुकिंग गेलं तरी चालेल.

भाग ५: "नाही" म्हणायला शिका

दोन गोष्टी इथे कामाला येतात.

पहिली, आपला फायदा उघड सांगा. "मी स्वतः होमस्टे चालवतो, तेव्हा माझं मत त्या हिशोबाने घ्या." ही ओळ लिहायला लोक घाबरतात. प्रत्यक्षात ही ओळ वाचून समोरचा माणूस निर्धास्त होतो, कारण लपवण्यासारखं काही उरत नाही. वेगळ्या नावाने स्वतःच्याच जागेची स्तुती करणं बंद करा. गाव लहान असतं, कळतं.

दुसरी, हमी देऊ नका. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास घ्या. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडलेली बघायला लोक लांबून येतात आणि गावातल्या घरांतच राहतात. पण अंड्यातून पिल्लं कधी बाहेर येतील हे कुणाच्याच हातात नाही. अशा वेळी "नक्की दिसतील, या!" म्हणणारा एक बुकिंग मिळवतो. "आज-उद्या घरट्यातून पिल्लं निघण्याची शक्यता आहे, पण खात्री नाही. नाही दिसली तरी गाव, समुद्र आणि बाणकोटचा किल्ला बघण्यासारखा आहे, त्या तयारीनेच या" असं म्हणणाऱ्याकडे पाहुणा मुलांना घेऊन पुढच्या वर्षीही येतो.

आणि तुमचं ठिकाण त्या माणसासाठी योग्य नसेल तर सरळ सांगा. "दादा, तुमच्याकडे एकच रात्र आहे आणि येऊन-जाऊन १८ तास प्रवास होईल. यावेळी जवळचं काहीतरी करा, मालवणला सवडीने या." आज दोन हजार रुपये गेले असं वाटेल. पण त्या माणसाच्या मित्राला पुढच्या महिन्यात मालवणला यायचं असेल तर तो कुणाचा नंबर देईल, सांगा बरं?

भाग ६: सल्ल्याची वही ठेवा

प्रत्येक पाहुण्याला नव्याने टाइप करत बसू नका. एक वही किंवा मोबाइलवर एक नोट करा. त्यात नेहमीचे दहा प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहा. प्रत्येक उत्तराखाली तारीख टाका: "शेवटचं तपासलं: अमुक महिना." वर्षातून तीनदा ती उघडायचीच. जूनच्या सुरुवातीला, कारण पावसाळी वेळा आणि बंदी लागू होते. गणपतीआधी, कारण गर्दी आणि जादा गाड्या असतात. आणि दिवाळीआधी, कारण हंगाम सुरू होतो.

आणि हो, सल्ला घेतलेला असेल तर परत येऊन सांगा. ताई सुरतहून आल्यावर दोन ओळी लिहिते: "तुम्ही सांगितल्याप्रमाणे लाभपंचमीनंतर गेले, मार्केट चालू होतं. फक्त माल ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा पोहोचला." यातून सल्ला देणाऱ्याची माहिती ताजी होते, आणि पुढच्या नवख्या माणसाला उशिराचे दोन दिवस आधीच धरता येतात. एवढं करणारे लोक फार कमी असतात, म्हणून ते लक्षात राहतात.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या पुढच्या धंद्याच्या प्रवासासाठी पाच 'क' वापरून एक प्रश्न लिहा. पाच ओळींपेक्षा जास्त नको.
२. पर्यटनाशी संबंधित धंदा असेल, तर गिऱ्हाईक नेहमी विचारतं असे दहा प्रश्न काढा आणि त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं तारखेसह लिहा.
३. तुमच्या भागातली अशी एक गोष्ट लिहा, जी बाहेरच्या माणसाला हमखास चुकीची सांगितली जाते. बरोबर काय ते पण लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासकट. निवडक उत्तरं पुढच्या व्हिडिओत वाचून दाखवणार आहे.

पुढच्या भागात याच पाहुण्याकडून ॲडव्हान्स कसा घ्यायचा आणि बुकिंग रद्द झालं तर पैसे परत करायचे नियम आधीच कसे ठरवायचे, ते बघू. तोपर्यंत वही भरायला घ्या!